मेंटेनन्सचं बिल कसं बसवायचं: मुंबईतल्या नव्या खजिनदारासाठी

दर वर्षी सप्टेंबरात एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, उरकली की ऑक्टोबरात माझा फोन वाजायला लागतो. नवी कमिटी आलेली असते, ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याच्या गळ्यात खजिनदारपद पडलेलं असतं, आणि प्रश्न तोच: "स्क्वेअर फुटाला किती रेट लावू?" बोरिवली-दहिसर पट्ट्यातल्या लहान सोसायट्यांचे हिशोब मी बरीच वर्षं लिहितो, आमच्या स्वतःच्या सोसायटीतही दोन टर्म खजिनदार होतो. बहुतेक घोळ या प्रश्नापासूनच सुरू होतो. आधी एक गोल आकडा धरायचा आणि मग त्यात वॉचमनचा पगार, लिफ्ट, पाणी, सिंकिंग फंड (बिल्डिंगच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) कोंबायचा, असं चालतं. खरं काम उलट्या दिशेने करायचं असतं. आधी खर्चाची शीर्षं, मग प्रत्येक शीर्षाच्या वाटणीचा आधार, आणि बिलावरचा आकडा सगळ्यात शेवटी.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच काल्पनिक सोसायटी धरतो. ३२ फ्लॅट, एक लिफ्ट. १६ वन बीएचके, प्रत्येकी ४२० स्क्वेअर फूट कार्पेट. १६ टू बीएचके, प्रत्येकी ६६० स्क्वेअर फूट.

तयारी: वहीला हात लावण्याआधी

पहिली गोष्ट, तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते कागदावर बघा. बोलताना सगळेच "सोसायटी" म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्था. मग मंजूर उपविधी, म्हणजे बायलॉज, लागू. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली असेल तर ते कॉन्डोमिनियम. तिथे घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि सामाईक खर्च त्या टक्क्याप्रमाणे वाटला जातो. शेजारच्या बिल्डिंगचं बघून आपलं बिल बसवणाऱ्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. या लेखातली वाटणी सहकारी सोसायटीची आहे.

मग ही कागदपत्रं एका फाईलला लावा:

- तुमच्या संस्थेच्या बायलॉजची उपनिबंधकांनी, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी, मंजूर केलेली प्रत. दुकानात मिळणारं आदर्श उपविधीचं (सरकारने नमुना म्हणून दिलेल्या बायलॉजचं) पुस्तक संदर्भाला ठीक, पण तुमच्या संस्थेने २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारलेत की अजून जुनेच चालू आहेत, हे मंजूर प्रतीवरूनच कळतं.
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण (ऑडिट) अहवाल, ऑडिटरने काढलेल्या चुका कशा सुधारल्या ते सांगणाऱ्या दोष दुरुस्ती अहवालासकट.
- सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची वही. दर, पार्किंग, व्याज याविषयीच्या प्रत्येक ठरावाला कागदी खूण घालून ठेवा.
- सभासदवार थकबाकीची यादी, मुद्दल आणि व्याज वेगवेगळं दाखवणारी.
- सगळ्या बँक खात्यांची पासबुकं आणि एफडीच्या मूळ पावत्या.

सावध: जुन्या खजिनदाराकडून चार्ज घेताना "सगळं टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे" एवढ्यावर सही करू नका. एफडीच्या पावत्या हातात घेऊन नंबर, रक्कम आणि मुदतीची तारीख लिहून घ्या. एका सोसायटीत सात एफडी कागदावर होत्या, कपाटात पाच निघाल्या. उरलेल्या दोन आधीच मोडून प्लास्टरच्या कामाला लागल्या होत्या. चोरी कुणी केली नव्हती, नोंद मात्र कुणीच केली नव्हती. ती शोधायला आम्हाला दोन महिने लागले.

१. वर्षभराचा खर्च शीर्षांत पाडा

मागच्या बारा महिन्यांची बँक स्टेटमेंटं घ्या आणि प्रत्येक खर्च या खणांत टाका: सेवा शुल्क, लिफ्ट, पाणी, मालमत्ता कर, दुरुस्ती, सिंकिंग फंड, विमा, आणि पार्किंगसारखी वैयक्तिक आकारणी.

सेवा शुल्क म्हणजे रोजचं बिल्डिंग चालवणं. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हिशोबनीस, ऑडिट फी, स्टेशनरी. आपल्या उदाहरणात वर्षाचे आकडे असे:

- सुरक्षा एजन्सी (महिना ३८,०००): ४,५६,०००
- सफाई (महिना ९,०००): १,०८,०००
- कॉमन मीटर, पंपासकट: १,६८,०००
- हिशोब, ऑडिट, स्टेशनरी, किरकोळ: ६०,०००
- टाकी सफाई, पेस्ट कंट्रोल: २४,०००

एकूण ८,१६,००० रुपये.

लिफ्टचं वार्षिक देखभाल कंत्राट आणि सुटे भाग धरून ९६,०००. महापालिकेचं पाण्याचं बिल १,९२,०००.

मागच्या वर्षीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. एजन्सीचा करार कधी संपतो, लिफ्टवाला कराराच्या नूतनीकरणाला किती वाढ मागणार, मे महिन्यात टँकर लागतात का, हे विचारून आकडा सुधारा. शिवाय टेरेसचं वॉटरप्रूफिंगसारखा पाच-सात वर्षांतून एकदा येणारा खर्च या यादीत घुसला असेल तर बाहेर काढा. त्याचा मार्ग वेगळा आहे, तो पायरी ४ मध्ये.

२. प्रत्येक शीर्षाला त्याचा आधार लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आदर्श उपविधीत वाटणीचा आधार शीर्षागणिक ठरलेला आहे.

सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान. वॉचमन ६६० फुटांच्या घराची राखण जास्त आणि ४२० फुटांच्या घराची कमी करत नाही, इतका साधा विचार आहे त्यामागे. आपल्या उदाहरणात ८,१६,००० भागिले ३२ भागिले १२, म्हणजे महिना २,१२५ रुपये.

लिफ्टचा खर्च, ज्या बिल्डिंगला लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांना समान, वापर असो वा नसो. "आम्ही तळमजल्यावरचे, आम्ही का द्यायचं?" हा प्रश्न दर एजीएमला उठतो. आवाज न चढवता उपविधीचं पान उघडून दाखवा. महिना २५० रुपये.

पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. माणसांवर नाही, खोल्यांवरही नाही. घरोघर जाऊन इनलेट मोजावे लागतात आणि लोक कंटाळा करतात तो इथेच. वन बीएचकेला चार आणि टू बीएचकेला सहा धरले तर एकूण १६०, म्हणजे एका नळाला महिना १०० रुपये. लहान घराला ४००, मोठ्याला ६००. कुणी नूतनीकरणात वॉशिंग मशीनसाठी जादा लाइन काढली असेल तर नोंद बदला.

दुरुस्ती व देखभाल निधी: सर्वसाधारण सभा ठरवेल तो दर, पण फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून.

बांधकाम खर्च म्हणजे बिल्डिंग बांधताना आलेला, आर्किटेक्टने प्रमाणित केलेला खर्च. खरेदीखतातली किंमत नव्हे, आजचा बाजारभाव तर मुळीच नव्हे. एका सोसायटीने ०.२५ टक्का थेट ॲग्रीमेंट व्हॅल्यूवर लावला होता. परिणामी नव्याने घर घेतलेल्या माणसाला त्याच मजल्यावरच्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जुन्या शेजाऱ्याच्या कितीतरी पट बिल. तो भांडायला आला यात नवल नव्हतं.

उदाहरणात बांधकाम खर्च फुटाला २,००० धरू. वन बीएचकेचा ८,४०,०००, टू बीएचकेचा १३,२०,०००. सिंकिंग फंड महिना अनुक्रमे १७५ आणि २७५. दुरुस्ती निधी ५२५ आणि ८२५.

मालमत्ता कर महापालिकेने ज्या फ्लॅटला जितका लावला तितकाच. मुंबईत ५०० स्क्वेअर फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पालिका बिल्डिंगला एकत्र बिल देते म्हणून कमिटी ते ३२ ने भागते आणि माफी मिळालेल्या लहान घरांच्या खिशातून मोठ्या घरांचा कर जातो. बिलाचा फ्लॅटवार तपशील काढून घ्या आणि त्याप्रमाणेच लावा. पालिकेचं बिल सहामाही असतं. सभासदांकडून दरमहा घेत असाल तर ती रक्कम मालमत्ता कराच्या वेगळ्या खात्यात जमा दाखवा, सोसायटीच्या उत्पन्नात नको.

विम्याचा हप्ता बिल्टअप क्षेत्रफळाप्रमाणे. पार्किंग सर्वसाधारण सभा ठरवेल त्या दराने.

आता बेरीज. मालमत्ता कर, विमा आणि पार्किंग सोडून:

- वन बीएचके: २,१२५ + २५० + ४०० + १७५ + ५२५ = ३,४७५
- टू बीएचके: २,१२५ + २५० + ६०० + २७५ + ८२५ = ४,०७५

हाच पैसा "सात रुपये स्क्वेअर फूट" म्हणून गोळा केला असता तर? एकूण जमा जवळपास तेवढीच राहते. पण वन बीएचकेला २,९४० आणि टू बीएचकेला ४,६२० बिल जातं. म्हणजे मोठ्या घरवाल्याकडून महिन्याला ५४५, वर्षाला ६,५४० रुपये जादा. उपनिबंधकांकडे जाणाऱ्या तक्रारी अशा फरकातूनच जन्म घेतात, आणि तिथे कमिटीकडे दाखवायला काही नसतं.

तपासा: प्रत्येक शीर्षाची मासिक आकारणी गुणिले फ्लॅट गुणिले बारा, हा आकडा पायरी १ मधल्या रकमेशी जुळतो का? पन्नास-शंभरचा फरक राउंडिंगचा असतो. हजारांत असेल तर नळ चुकलेत.

३. भाड्याने दिलेली घरं

बिनभोगवटा शुल्क, बोलीभाषेत नॉन-ऑक्युपन्सी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे, तरी बिलाच्या एकूण रकमेवर १० टक्के लावणाऱ्या सोसायट्या अजून भेटतात. आपल्या उदाहरणात शुल्क २,१२५ चे १० टक्के, म्हणजे २१२.५० रुपये. ३,४७५ वर काढलेले ३४७.५० चूक. घरात सभासदाचे आई-वडील, मुलगा, विवाहित मुलगी किंवा भाऊ-बहीण राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. "भाडेकरूंमुळे त्रास होतो" म्हणून वेगळा दंडवजा आकार लावायचा मोह टाळा.

४. सभेत काय मंजूर करून घ्यायचं

ठरलेल्या सूत्राने प्रत्येक फ्लॅटची रक्कम काढणं हे कमिटीचं काम. पण दुरुस्ती निधीचा दर, सिंकिंग फंडाचा दर, पार्किंगचा आकार, उशिरा भरणाऱ्यांवरचं व्याज आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी यांना सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. नोटीस बोर्डावर "१ तारखेपासून मेंटेनन्समध्ये ५०० रुपये वाढ, आदेशावरून" असा कागद लावून भागत नाही.

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. विषयपत्रिकेत "इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" याखाली दरवाढ सरकवू नका, स्वतंत्र विषय लिहा. ठराव लिहिताना आकडा, लागू होण्याची तारीख, सूचक आणि अनुमोदक. "मेंटेनन्स वाढवण्यास सर्वानुमते मंजुरी" हे वाक्य दोन वर्षांनी कुणालाच उपयोगी पडत नाही.

टेरेस, बाहेरचं प्लास्टर, कॉलमची दुरुस्ती यांसाठी मोठ्या दुरुस्तीचा निधी वेगळा, क्षेत्रफळाप्रमाणे, आणि स्वतंत्र ठरावाने. त्याआधी संरचनात्मक परीक्षण बघा. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या बिल्डिंगचं ते दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. अहवाल नसताना वर्गणी मागितली की पहिला प्रश्न "कुणी सांगितलं पाडापाडी करायला?" हाच येतो.

५. बिल छापा

बिलावर प्रत्येक शीर्ष वेगळ्या ओळीत. "मेंटेनन्स ३,४७५" अशी एकच ओळ असलेलं बिल वसुलीच्या वेळी तुमच्यावरच उलटतं. तळाशी तीन आकडे स्वतंत्र: चालू बिल, मागील मुद्दल, मागील व्याज. शेवटची तारीख ठळक.

व्याज सरळ असतं. दर सभा ठरवते, कमाल वर्षाला २१ टक्के. आता गंमत बघा. काही सॉफ्टवेअर मागील थकबाकीच्या एकाच आकड्यावर पुढच्या महिन्याचं व्याज काढतात, म्हणजे व्याजावर व्याज चढतं. ४०,००० रुपये मुद्दल दोन वर्षं थकलं तर २१ टक्क्यांनी सरळ व्याज १६,८०० होतं. दरमहा चक्रवाढीने तेच सुमारे २०,६५० वर जातं. थकबाकीदार वकील घेऊन आला की पहिलं बोट तो या आकड्यावर ठेवतो, आणि मग तुमचं खरं येणंही संशयाच्या भोवऱ्यात सापडतं.

तपासा: एखादा जुना थकबाकीदार निवडा आणि त्याचं सहा महिन्यांचं व्याज कॅल्क्युलेटरवर हाताने काढा. सॉफ्टवेअरशी जुळलं नाही तर सेटिंग बदलेपर्यंत बिलं वाटू नका.

जीएसटीचं एका परिच्छेदात सांगतो. सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांवर आणि सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० वर, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच १८ टक्क्यांचा प्रश्न येतो. आपल्या ३२ फ्लॅटवाल्यांना तो नाही. तुम्ही सीमारेषेवर असाल तर कर सल्लागाराकडून लेखी मत घ्या. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर बिल बसवू नका.

६. पैसे जमा करून घेणं

पूर्वी चेकमागे फ्लॅट नंबर लिहिलेला असायचा. आता यूपीआयने येतात आणि स्टेटमेंटवर नुसता एक लांबलचक आकडा आणि भलत्याच कुणाचं नाव दिसतं. आमच्याकडे एकदा ४,०७५ रुपयांचा फरक तीन महिने सुटेना. पैसे बँकेत आलेले, पण कुणाच्याच खात्याला लागलेले नव्हते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र थकबाकीची नोटीस गेलेली. शेवटी त्यांची मुलगी खाली भेटली आणि म्हणाली, "अहो, आईचं मीच भरते की, माझ्या खात्यातून!" मुलीचं आडनाव सासरचं. आम्ही सभासद यादीत तेच आडनाव शोधत बसलो होतो. नोटीस परत घेताना आजींनी चहा दिला, पण जे ऐकवलं तेही लक्षात आहे.

तेव्हापासून नियम असा:

- पैसे पाठवताना शेऱ्यात विंग आणि फ्लॅट नंबर लिहायचा, हे प्रत्येक बिलावर छापलेलं.
- दुसऱ्याच्या खात्यातून कुणी भरत असेल तर ते नाव सभासदाच्या पानावर पेन्सिलने टिपून ठेवलेलं.
- ओळख न पटलेली रक्कम सस्पेन्स खात्यात. अंदाजाने कुणाच्याही नावावर टाकायची नाही.
- दर महिन्याच्या १० तारखेला सस्पेन्सची यादी सोसायटीच्या ग्रुपवर, फक्त तारीख आणि रक्कम. दोन दिवसांत मालक सापडतो.

रोख शक्यतो घेऊच नका. घेतलीच तर त्याच वेळी पावती आणि दुसऱ्या दिवशी भरणा. जमा झालेल्या रोखीतून परस्पर प्लंबरला पैसे देणं ही लहान सोसायट्यांतली सगळ्यात जुनी खोड. त्याने जमा आणि खर्च दोन्ही वहीतून निसटतात.

७. पैसे देताना

व्हाउचर, त्याला बिल जोडलेलं, कामाचं एका ओळीत वर्णन, दोन सह्या. कमिटीच्या खर्चाची मर्यादा उपविधीत दिलेली असते. त्यावरच्या कामाला दरपत्रकं आणि सभेची मंजुरी. एकच काम तीन बिलांत तोडून मर्यादेखाली बसवलं तर ऑडिटर पहिल्या नजरेत ओळखतो.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर, सोसायटीलाही लागू आहे, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं. कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की कापायचा: व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर २ टक्के. आपली सुरक्षा एजन्सी कंपनी असेल तर ३८,००० वर दरमहा ७६० रुपये. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. त्यासाठी पॅनखेरीज टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) लागतो, तो आधी काढून ठेवा.

एजन्सीचं बिल देण्याआधी वॉचमनच्या पीएफ आणि ईएसआयसी भरल्याच्या चलनांच्या प्रती मागा. कटकट वाटते, पण एजन्सी पळाली की सगळे वॉचमन तुमच्याच गेटवर उभे राहतात.

८. महिनाअखेर: एक तास

पासबुक आणि किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) यांचा ताळमेळ घाला. न वटलेले चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, सस्पेन्स. मग एकाच पानाचं पत्रक कमिटीसमोर ठेवा: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, तीन महिन्यांवरचे थकबाकीदार. ताळमेळ वर्षअखेरीवर ढकलला तर एप्रिलच्या सुट्टीत तुम्ही आणि जुने चेकबुक.

९. थकबाकी

क्रम मोडू नका. पहिला महिना चुकला की फोन किंवा भेट: "काका, एप्रिलचं राहिलंय, बघता का?" निम्मी माणसं विसरलेली असतात. दुसऱ्या महिन्यात लेखी स्मरणपत्र. तीन महिने उलटले की कायद्याच्या भाषेत तो थकबाकीदार. सेक्रेटरीने प्रकरण कमिटीपुढे ठेवायचं, इतिवृत्तात नोंद करायची आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायची. घराला कुलूप असेल तर त्याच्या दुसऱ्या नोंदलेल्या पत्त्यावरही.

तरी दाद नाही मिळाली तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच कलम १०१ खाली होत असे आणि जुनी मंडळी अजून "एकशे एक टाकू" असंच म्हणतात. अर्जासोबत लागतं ते असं: थकलेल्या काळातली बिलं, खात्याचा उतारा, नोटिसा आणि त्यांच्या पोचपावत्या, कमिटीचा ठराव, दर मंजूर केल्याचे सभेचे ठराव. पायरी ४ मध्ये ठराव ढिला लिहिला असेल तर तो इथे नडतो. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

सावध: पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, वॉचमनला "त्यांचं पार्सल घेऊ नकोस" सांगणं, यातलं काहीही करू नका. उपविधी अशी मुभा देत नाहीत. प्रकरण पोलीस चौकीत गेलं की थकबाकीचा मुद्दा बाजूला राहतो आणि कमिटीच आरोपीच्या पिंजऱ्यात.

थकबाकीदार एकदम काही रक्कम भरायला तयार झाला तर ती घ्या. "सगळे द्या नाहीतर काहीच नको" हा हट्ट खजिनदाराला परवडत नाही. मात्र व्याज माफ करायचं असेल तर तो अधिकार एकट्या चेअरमनचा समजू नका. विषय सभेपुढे न्या.

१०. निधी वेगळा, बँकही एकच नको

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी दरमहा बिलातून येतो आणि चालू खात्यात मिसळून वॉचमनच्या पगारात जातो. हे होऊ द्यायचं नसेल तर दर तिमाहीला तेवढी रक्कम काढून एफडीत घाला. उदाहरणात सिंकिंग फंडाचे वर्षाला ८६,४०० होतात. दहा वर्षांनी ताळेबंदाच्या डाव्या बाजूला ८,६४,००० दिसतील. उजव्या बाजूला त्या नावाची गुंतवणूक व्याजासकट त्याहून जास्त दिसली पाहिजे. तीन लाखच दिसत असतील तर बाकीचा निधी रोजच्या खर्चात गेलाय आणि तुमचा सेवा शुल्काचा दर कमी पडतोय.

गुंतवणूक कुठे करायची ते अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे. त्या चौकटीत राहूनही सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच असतं, आणि ठेवीदार म्हणून अख्खी सोसायटी एकच धरली जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. वॉचमनचा एका महिन्याचा पगार किती असतो, ते वर बघितलंच. चालू खाती दोन बँकांत ठेवायला काही पडत नाही.

सिंकिंग फंड वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, तोही मोठ्या संरचनात्मक कामासाठी. गेटला रंग द्यायला तो मोडू नका.

घरविक्रीच्या वेळचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मुंबईत कमाल २५,००० रुपये. "ऐच्छिक देणगी" असं नाव देऊन त्यावर घेतलेले पैसे परत करायची वेळ येते.

११. वर्षअखेर

३१ मार्चला वही बंद. पुढचे ४५ दिवस तेरीज (ट्रायल बॅलन्स), उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद तयार करायला. ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण, सरकारी नामतालिकेवरच्या (पॅनेलवरच्या) ऑडिटरकडून. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि विवरणपत्रं. ऑडिट अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत ओ नमुन्यात दोष दुरुस्ती अहवाल. हा राहून जातो, कारण तोवर कमिटी बदललेली असते. आयकर विवरणपत्र मुदतीतच भरा, उशीर झाला तर सहकारी संस्थांना मिळणाऱ्या कलम ८०पी च्या वजावटी हातच्या जातात.

ऑडिटरकडे फाईल नेण्याआधी तीन जोड्या जुळवा: सभासदांच्या खात्यांची एकूण थकबाकी आणि ताळेबंदातली येणी, एफडीच्या पावत्या आणि ताळेबंदातली गुंतवणूक, भाग दाखल्यांची (शेअर सर्टिफिकेटांची) नोंदवही आणि भागभांडवल. तिसरी जोडी कुणी बघत नाही. मागच्या वर्षी एका सोसायटीत ५०० रुपयांनी भागभांडवल कमी निघालं. शोधत गेलो तर एका सभासदाला दाखलाच दिलेला नव्हता, आणि तो गेली अकरा वर्षं सेक्रेटरी होता.